रावजीकाकांचा राक्षस

पुणे, ८ नोव्हेंबर २००२

ती. रावजीकाकांस, प्रियदर्शिनीचा शि. सा. न. वि. वि.

कंपनीत सध्या परदेशी खेळासाठी राक्षसांची फौज काढतेय, संगणकावर. साहेब म्हणतात, दात भरपूर आहेत, पण भीती वाटत नाही. गिरगावच्या छापखान्यात तुम्ही जन्मभर जादूच्या गोष्टींच्या पुस्तकांची मुखपृष्ठं केलीत. काय चुकतंय सांगाल? चित्र सोबत पाठवतेय. काकू गेल्यापासून वेळेवर जेवता ना? दिवाळीला येणं जमलं नाही, तरी माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची प्रियदर्शिनी

पोलादपूर, १९ नोव्हेंबर २००२

चि. प्रियदर्शिनीस अ. उ. आ.

जेवतो. तू कामात असतेस, मुद्दाम येऊ नकोस. शेजारच्या बनुबाईला चित्र दाखवलं. म्हणाली, "ही तं वरात हाय भावजी, यात भ्यायचा काय?" तिचं खरं आहे. फौज काढून टाक. एकच ठेव, गुहेच्या तोंडाशी, मागून उजेड. एकट्याची सावली केवढी होते, ते मी घरात रोज बघतो. हात कापतो, नाहीतर काढूनच दाखवलं असतं. माझं जुनं काम मागू नकोस. छापखाना बंद झाला तेव्हा मूळ चित्रं रद्दीत गेली. पुस्तकांवर नाव कधी नव्हतंच.

तुझा काका

पुणे, ६ जानेवारी २००३

ती. काकांस शि. सा. न. वि. वि.

एकटा राक्षस पसंत पडला! नाव माझंही कुठे येणार नाही. पण दुसरीच बातमी आहे. जुन्या पुस्तकांच्या दुकानात तुमचं एक पुस्तक मिळालं. नाव नसूनही ओळखलं, कारण राजकन्येचा चेहरा थेट काकूंचा. कुणा पोराने राक्षसाला पेन्सिलीने मिशा काढल्यात. राजकन्येला मात्र हात लावलेला नाही. उद्याच रजिस्टरने पाठवते. तोवर आठवण ठेवा.

प्रियदर्शिनी

पोलादपूर, १३ जानेवारी २००३

चि. प्रियदर्शिनीस अ. उ. आ.

पुस्तक अजून पोचलं नाही. पाठवलं नसशील तर थांब. त्या चित्रासाठी तुझ्या काकूला खिडकीशी उभं केलं होतं. भाकरी करपते म्हणून सारखी कुरकुरत होती, आणि मी मान हलवू नकोस म्हणून दटावत होतो. घरात तिचा फोटो एकच, लग्नातला, त्यात मान खाली. चेहरा दिसत नाही. हल्ली आठवायला गेलो की नाक आठवतं, मग डोळे निसटतात.

पोस्टाचा भरवसा वाटत नाही. तूच घेऊन ये. येऊ नकोस असं मी लिहीत आलो, ते मनावर घेऊ नकोस. एसटी स्टँडवर मी येऊन बसेन.

वाट बघणारा,
काका