रंगुबाईंची वाचन-परीक्षा शाळा उघडण्यापूर्वी घेणेबाबत

प्रति,
मा. शिक्षण विस्तार अधिकारी साहेब,
तालुका पंचायत समिती कचेरी.

अर्जदार : यशया दयाळराव पाटोळे, शिक्षक, एकशिक्षकी प्राथमिक शाळा, खडकवस्ती, जि. अहमदनगर.

विषय : सौ. रंगुबाई मच्छिंद्र खेडकर यांची वाचन-परीक्षा त्वरित घेणेबाबत.

संदर्भ : १) साहेबांची दुष्काळी कामास भेट. २) माझा पहिला अर्ज. ३) त्यावर शिपायामार्फत आलेला साहेबांचा तोंडी निरोप.

महोदय,

सविनय सादर की, या प्रकरणी हा माझा दुसरा अर्ज आहे. टपालावर भरवसा न ठेवता तो आपले शिपाई गोरक्षनाथ यांच्या हाती देत आहे, म्हणजे फायलीत जाण्याआधी साहेबांच्या नजरेस पडेल.

१. यंदा आमच्या वस्तीवरील झाडून सगळी माणसे खडी फोडण्याच्या कामावर आहेत व पोरेही तिथेच आहेत. सुट्टीत मुलांचे वाचन तुटू नये, मुले असतील तिथे पुस्तके पोचवावीत, असा आपला हुकूम होता. त्याप्रमाणे शाळेची पुस्तकांची पेटी डोक्यावर घेऊन मी कामावर गेलो. बहुतेक पोरे पेटीकडे फिरकलीच नाहीत. त्यांना दोष देत नाही. रेशनच्या मिलो ज्वारीच्या अर्ध्या भाकरीवर गोष्टी कोणाला सुचतात? चौथीतील कु. चांगुणा खेडकर मात्र आली.

२. चांगुणा कामावर का होती, हे सांगणे भाग आहे. तिचे वडील मच्छिंद्र बैल घेऊन नेवाशाकडे गुरांच्या छावणीवर गेले आहेत. आई रंगुबाई बाळंत झाल्यापासून तापाने अंथरुणाला खिळल्या आहेत. म्हणून हजेरीपटावर नाव रंगुबाईंचे आणि हातोडी चांगुणाच्या हातात, असे चालले होते. खडी सगळ्या टोळीची एकत्र मोजतात. ढीग भरला की झाले, कोणाच्या हाताने भरला हे मुकादम विचारत नाही. तोही वस्तीचाच माणूस आहे.

३. चांगुणाने पेटीतून एका नावाड्याच्या गोष्टीचे पुस्तक उचलले व ती टोळीत बसून मोठ्याने वाचू लागली. टोळीची पुढारीण आक्काबाई तिला म्हणाली, "तू वाच गं बये, तुझी खडी आमी फोडतो." त्याप्रमाणे बायांनी तिच्या वाटणीची खडी आपसांत घेतली. ढिगात ओंजळभरही कमी पडली नाही. "होडी म्हंजी केवढी गं? आपल्या खोपीएवढी?" असे बाया विचारीत आणि हातोड्या चालवीत. इतक्या वर्षांच्या नोकरीत माझ्या शाळेचे वाचन कोणी असे ऐकले नव्हते. मला फार आनंद झाला होता, साहेब.

४. अशात आपण जीपने आलात. आपणही खूश झालात. खडीच्या ढिगावर उभे राहून आपण सर्वांसमक्ष जाहीर केलेत की ही दहा वर्षांची मुलगी भर उन्हात अडाणी बायांना वाचून दाखवते, आणि तिथल्या तिथे प्रशस्तिपत्र दिलेत. बांधकाम खात्याचे साहेब आपल्या शेजारीच उभे होते. दहा वर्षांची मुलगी टोळीत काय करते, असे विचारून त्यांनी हजेरीपट मागवला. आपली जीप वळते न वळते तोच रंगुबाईंचे नाव खोडले गेले. नावाबरोबर घरी खायला येणारी कामावरची सुकडी बंद झाली. टोळीने खोटी हजेरी लावली म्हणून सगळ्या बायांची मजुरी अडकली ती निराळीच. आता त्याच बाया आपल्या भाकरीतला तुकडा मोडून खेडकरांच्या खोपीत देतात. पण त्यांच्याकडे तरी असे किती उरते?

५. प्रशस्तिपत्र परत घ्यावे असा मी पहिला अर्ज केला. चांगुणाला वाचता येत नाही, ती चित्रे पाहून मनचे बोलते, चार वर्षांत मीच तिला काही शिकवले नाही, असे लिहून देण्यास व वेतनवाढ सोडण्यास मी तयार होतो. तेही जमत नसेल तर वाचणारी बाई खुद्द रंगुबाईच होत्या असे मानावे, असेही त्यात लिहिले. माझे वडील मिशनच्या शाळेत पंतोजी होते. असे लिहिताना मला काय वाटले ते माझे मला ठाऊक.

त्यावर निरोप आला की शाबासकीचा अहवाल नगरला गेला असल्याने ती मागे घेता येत नाही. मात्र रंगुबाईंना वाचता येते हे सिद्ध झाल्यास प्रशस्तिपत्रावरील नावात चूक झाली असे कळवू व त्यांचे नाव पुन्हा लावण्याची शिफारस करू. परीक्षा शाळा उघडल्यावर होईल.

६. महोदय, तेव्हापासून चांगुणा आईला शिकवीत आहे. रंगुबाईंनी जन्मात पाटी धरलेली नाही. कुशीत तान्हे, अंगात ताप, आणि छातीवर ते पुस्तक. पोरगी एकेका अक्षरावर आईचे बोट ठेवते. "नदी भरून वाहत होती" हे पहिले वाक्य बाईंना आता येते. मधे दोनदा दम घ्यावा लागतो, पण येते. दुसऱ्या वाक्याला मीच नको म्हटले. मी पुष्कळ मुले शिकवली, साहेब. असले शिकणे माझ्याच्याने बघवत नाही.

७. कामावरचे कंपाउंडर काल बाईंना पाहून गेले. बाहेर येऊन मला म्हणाले, "गुरुजी, शाळा उघडंपत्तूर बाई काय टिकत न्हाई." म्हणून हात जोडून विनंती की परीक्षा याच आठवड्यात घ्यावी. एकच वाक्य विचारावे व ते पहिलेच विचारावे. बाईंना उठवून बसवू नये. येताना पुस्तक आणण्याची गरज नाही, ते उशाशीच आहे.

येण्यास उशीर झाल्यास परीक्षा कोणाची घेणार, याचा खुलासा व्हावा. चांगुणाची घेता येणार नाही. आक्काबाईने परवा नावाड्याचे पुढे काय झाले ते वाचून दाखव म्हटले, तर पोरीने पुस्तक मिटले आणि म्हणाली, "मला न्हाई येत वाचाया. माझ्या आईला येतंय."

साहेबांच्या वाटेकडे डोळे लावून बसलेला,
आपला नम्र,
यशया दयाळराव पाटोळे
खडकवस्ती, दि. २२ मे १९७३

सोबत : प्रशस्तिपत्र, मूळ प्रत. घरच्यांनी परत केले आहे.