पाटलांच्या थोरलीचं लग्न

नाना, वाचनालयाच्या किल्ल्या काय एसटीच्या कंडक्टरच्या हाती पाठवायच्या असतात का? शहापूरच्या कंडक्टरनं मुरबाडला धसईच्या कंडक्टरकडे दिल्या, त्यानं स्टँडवर सगळ्यांसमोर माझ्या हातात रुमालाचं गाठोडं ठेवलं, सोडून बघते तर किल्ल्यांचा जुडगा आणि तुमच्या सुनेच्या, दर्शनाच्या अक्षरातली चिठ्ठी. 'काचबिंदूमुळे दिसत नाही, ग्रंथपालाचे काम यापुढे होणार नाही, राजीनामा मंजूर व्हावा.' इतकी वर्षं एका खोलीत काम केलं, तुमी टेबलावर, मी झाडूवर, आणि मला सांगायला कंडक्टर. फोन केला की 'बरं आहे' म्हणता आणि ठेवून देता. म्हणून पत्र लिहिते. पत्र मध्येच ठेवता येत नाय, वाचून दाखवणारी सून समोर बसलेली असते. (दर्शना, कंसातलं मोठ्यानं वाचायचं नाय. कंस तुझ्यासाठी आहेत. जेवतात का नीट? की नुसतं ताट पुढं घेऊन बसतात?)

नमस्कार राहिलाच. ती. नानांना ताराबाईचा नमस्कार. डोळ्यांत थेंब वेळेवर घालून घ्या, सुनेवर चिडू नका. इकडे आमी सगळे ठीक. भात झोडून झालं, थंडी पडलीय. वाचनालय मस्त चाललंय. तुमच्यावाचून काय अडलेलं नाय, हे आधीच सांगून ठेवते.

कमिटीनं रंगकाम काढलं होतं. कपाटं हलवा, पुस्तकं उतरवा, नव्यानं लावा, असं चाललं होतं. मी म्हटलं, एक कपाट इंचभर हलणार नाय, माझी कंबर दुखते. (कंबर दुखत नाय.) शेवटी रंगाऱ्यानं कपाटं सोडून रंग दिला. आता खोली पिवळी आणि कपाटांच्या मागे निळी. बघणाऱ्याला विचित्र दिसतं, दिसू दे.

आता शनिवारच्या माइकवरच्या वाचनाचं मीच सांगते, नायतर कोणीतरी तिखटमीठ लावून सांगेल. तुमी कादंबरी अर्ध्यात सोडून शहापूरला लेकाकडे गेलात. बायका नळावर विचारायच्या, पुढं काय झालं. मी म्हटलं, त्यात काय, अक्षरं मलाही येतात. दिवेलागणीला तुमच्या खुर्चीत बसले (उशी उचलून बाजूला ठेवली, ती त्यांची आहे), माइक लावला आणि वाचलं. माझं वाचणं कसं आहे ते तुमाला माहीत आहे, आणि तो दोष तुमचा. चौथीतून शाळा सुटलेल्या बाईला वाचायला शिकवायचं तर गोष्टीवर शिकवावं. तुमी शिकवलंत पेपरातल्या कांद्याबटाट्याच्या भावावर. त्यात पंचायतीच्या सूचनाही मी त्याच माइकवरून त्याच आवाजात देते, पाणी कधी येणार, लाईट कधी जाणार, रेशन कधी मिळणार. तुमी वाचायचात तेव्हा म्हातारा खोकायचा, पोरगी लाजायची, बैल पण बैलासारखा हंबरायचा, त्यामुळे गोष्ट कुठली आणि सूचना कुठली हा घोळ कधी झाला नाय. माझ्या तोंडात सगळ्याचं रेशन होतं. तर त्या दिवशी वाऱ्यानं मागचंपुढचं खाल्लं, आणि वरच्या वाडीला एवढंच ऐकू गेलं की येत्या शुक्रवारी पाटलांच्या थोरलीचं लग्न, सगळ्या गावाला चूलबंद आवतण, कोणाच्या घरी चूल पेटू नये.

नाना, त्यांनी नाय पेटवली. शुक्रवारी अख्खी वाडी उतरली, न्हाऊनधुऊन, ठेवणीतली लुगडी नेसून, नारळ नि खण घेऊन, थेट आपल्या पोलीसपाटलाच्या दारात. घरी पाटलाची बायको माधुरी एकटी, भांडी घासत होती. त्यांची थोरली भाविका बारावीला. भिमी म्हातारीनं विचारलं, "नवरी कुठं हाय?" माधुरी म्हणाली, "कॉलेजात, मुरबाडला." भिमी म्हणाली, "आजच्या दिवशी तरी खाडा करायचा व्हता गो."

मग माधुरी पुढं आणि वाडी मागं अशी वरात वाचनालयात आली. "ताराबाई, माझ्या पोरीचं लगीन तू ठरवलंस, आता नवरा पण दाखव." मी पुस्तक उघडून पान दाखवलं. भिमी पानाकडे बघून म्हणाली, "आणि जेवान कुठल्या पानावर हाय?"

हसताय ना? मला तेव्हा हसू आलं नाय. पोरं सकाळपासून उपाशी. माझं तोंड बघून माधुरीच घरी गेली आणि नव्या तांदळाची पाटी डोक्यावर घेऊन आली. मग ज्याच्या त्याच्या घरून वांगी, डाळ, तेल येत गेलं. वाचनालयाच्या अंगणात तीन दगड मांडले आणि भात चढवला. दुपारी भाविका एसटीतून उतरली, स्वतःच्या लग्नाच्या पंगतीत बसली आणि दोनदा भात मागून घेतला.

जेवणं झाल्यावर वाळूबुवाच्या भजनी मंडळानं भजन धरलं. पेटी तुमच्या उपरण्याखाली झाकलेली तशीच आहे, तिला कोणी हात लावत नाय. सूर द्यायला माणूस नाय म्हणून वाळूबुवानंच सूर लावला, तो इतका वर की दुसऱ्या कडव्याला पुरुष गळले आणि शेवटच्याला एकटी भिमी उरली. मला गाण्यातलं कळत नाय. पण पेटी वाजवायला डोळे लागतात हे मला कोणी सांगितलेलं नाय. तुमी तशीही ती डोळे मिटूनच वाजवायचात.

मग सगळे अंगणात बसून राहिले. भिमी म्हणाली, "आता वाच. लगीन झालं का नाय ते कळल्याबिगर मी डोंगर चढायची नाय." मी पान उघडलं. नवरी मागच्या दारात एकटी रडतेय असं लिहिलं होतं. पहिली ओळ मनात म्हणून बघितली आणि पुस्तक मिटलं. त्या पोरीचं रडणं माझ्या तोंडून रॉकेलच्या भावासारखं बाहेर पडलं असतं. मी म्हटलं, हे पुस्तक नानांचं आहे, त्यांना विचारावं लागेल. भिमी नारळ माझ्या टेबलावर ठेवून गेली. परत न्यायला तयार नाय, म्हणते लगीन लागल्यावर फोडा.

असं सगळं आहे. कळवायचं म्हणून कळवलं. या पत्राला उत्तर पाहिजेच असं काय नाय.

तुमची,
ताराबाई

ता. क. तुमचा राजीनामा कमिटीपर्यंत गेलेला नाय. त्या दिवशी चूल पेटवायला कागद पाहिजे होता आणि पुस्तकाचं पान फाडायला तुमी कधी शिकवलं नायत.

ता. क. (दर्शना, हा कंस मात्र मोठ्यानं वाच. कपाटं हलवू दिली नायत ती यांच्यासाठी. दारातून डाव्या हाताला कथा, खिडकीखाली नाटकं, सगळं होतं तिथंच आहे, हात नेला की पुस्तक लागेल. वाचायचं कसं म्हणतील, तर मी शेजारी बसून एकेक ओळ कानात सांगेन, रेशनसारखी का होईना, ती यांनी माइकवर माणसासारखी बोलायची. रडायचं कुठं ते यांचं यांना कळतं.)

ता. क. हे पत्र कंडक्टरच्याच हाती पाठवतेय. उत्तर पण त्याच्याच हाती द्या. किल्ल्या ज्या गाडीनं आल्या त्याच गाडीनं शनिवारी दर्शनानं तुमाला बसवून द्यावं, मुरबाडला उतरवून घ्यायला मी येते. गुरुवारपर्यंत कळवा. शुक्रवारी सकाळी मी माइकवर सांगणार आहे की उद्या नाना वाचणार, तुमी काय कळवलं नायत तरी सांगणार आहे, आणि माझ्या आवाजात सांगितलेलं वरची वाडी किती खरं धरते ते तुमी आत्ताच ऐकलंत. गुरुवार, नाना.