भिंतीवरची अठ्ठावीस जानेवारी

रिसोड, ता. १० एप्रिल १९७५

ती. सौ. लिलाताईस,
धाकटा भाऊ इंद्रभानचा सविनय जयभीम. वि. वि. मी इकडे खुशाल, तुम्हा सर्वांची खुशाली कळव.

पत्रास कारण की, येत्या शुक्रवारी, अठरा तारखेला, जिल्ह्याची आरोग्य समिती केनवडला तपासणीला येणार आहे. मलेरियाच्या कामाची तपासणी म्हणजे भिंतीची तपासणी. दर पंधरा दिवसांनी मी घरोघर ताप विचारतो, ताप असेल त्याच्या बोटातून रक्ताचा थेंब काचेवर घेतो आणि दाराशेजारच्या गेरूच्या चौकोनात तारीख लिहितो. त्या तारखा माझ्या वहीशी ताडून पाहतात. जुळल्या तर मे महिन्यापासून मी कायम. कायम झालो तरच आसेगावची केशर आपल्या घरात येणार, ही तिच्या मामांची, माणिकरावांची अट तुला ठाऊक आहे. माणिकराव समितीचे सदस्य आहेत आणि तपासणीला तेच येत आहेत.

तेव्हा एवढं कर. जयंतीसाठी वस्तीत चुना लावतील, तेव्हा माझे चौकोन सोडायला सांग. दाजींना जयभीम. पाठीवरचा हात काढू नकोस.

तुझा,
इंद्रभान


केनवड, ता. १२ एप्रिल १९७५

चि. इंद्रभानास,
ताईचे अनेक आशीर्वाद. तुझं पत्र आज मिळालं. चुना काल लागला.

सगळ्या वस्तीला लागला. तुझ्या दाजींनी यंदा त्यात नीळही सढळ हाताने घातली. एकही चौकोन उरला नाही. चंपाबाईने तर तुझा चौकोन डाग समजून आधी खरवडला आणि मग चुना लावला. आता तिला फार वाईट वाटतं, पण भिंत झ्याक दिसून राह्यली, असंही ती म्हणते.

घाबरू नकोस. मी चौथी पास आहे आणि केनवडला आलास की तू माझ्याकडेच जेवतोस, त्यामुळे तुझ्या तारखा मला पाठ आहेत. कोणत्या तारखेला कोणती भाजी होती तेही सांगेन. उद्या गेरू कालवते आणि जानेवारीपासूनच्या सगळ्या तारखा घरोघर लिहून काढते.

फक्त एक विचारायचं आहे. अठ्ठावीस जानेवारीला तू आला नव्हतास. त्या दिवशी आपण दोघं आसेगावला केशरला पाहायला गेलो होतो. तुझ्या वहीत काय लिहिलं आहे? उलट टपाली कळव आणि जेवणाची आबाळ करू नकोस.

तुझी,
ताई


रिसोड, ता. १५ एप्रिल १९७५

ती. सौ. ताईस,
सविनय जयभीम. वि. वि. वहीत मी आलो होतो असं लिहिलं आहे. अर्थात मीच लिहिलं आहे. नव्या माणसाला रजा मिळत नाही आणि पाहुण्यांनी दिवस मंगळवारचा दिला. ऐन थंडीत एक फेरी चुकली तर मच्छर काही गाव उचलून नेत नाहीत.

तू अठ्ठावीस तारीख लिहून टाक. त्या दिवशी मी माणिकरावांच्या समोरच बसलो होतो खरा, पण नवरा मुलगा पाहताना माणूस मुलाचं नाक पाहतो, कॅलेंडर पाहत नाही. माझी नोकरी तुझ्या हातात आहे. माया आहे ती तशीच असू दे.

तुझा,
इंद्रभान


केनवड, ता. १८ एप्रिल १९७५

चि. इंद्रभानास,
आशीर्वाद. समिती येऊन गेली. आधी कालचं सांगते.

तुझं पत्र मिळताच मी गेरू घेऊन निघाले. बारा घरांवर अठ्ठावीस लिहिली आणि टोकाच्या गंगूबुढीच्या दारात पोचले. ती एकटी राहते, ठाऊकच आहे. तिने माझा हात धरला. म्हणाली, की त्या दिसी मी तीन गोधड्या घेऊन कुडकुडत होती, तो येईन म्हणून दार उघडं ठेवलं, तो आला नाही. माह्या भितीवर आला म्हणून कायले लिहितं? पुढच्या फेरीत तू गोळ्या देईपर्यंत चौदा दिवस तिने ताप अंगावर काढला. एकाच वस्तीत राहून मला त्याचा पत्ता नाही. मला तुझी लाज वाटली आणि माझीही वाटली, कारण आसेगावला तुला मीच नेलं होतं. चुन्याचा बोळा घेऊन मी मागे फिरले आणि बाराही घरांवरची तारीख पुसली.

आज माणिकराव कारकुनासोबत आले. कारकुनाने दप्तरातून आणलेली तुझी वही पाहिली, भिंत पाहिली आणि अठ्ठावीस कुठं गेली असं विचारलं. मी सांगितलं, की त्या दिवशी तो साहेबांच्याच घरी होता आणि साहेबांनीच त्याला तीनदा चिवडा घ्यायचा आग्रह केला. कारकून म्हणाला, हे शक्य नाही, त्या दिवशी साहेब समितीच्या बैठकीला हजर होते, बैठकीच्या कागदावर त्यांची सही आहे.

माणिकरावांनी पाणी मागितलं. मी दिलं. त्यांनी आणखी मागितलं.

तेवढ्यात गंगूबुढी काठी टेकत आली. तिने विचारलं, की पोरगा बी नोयता, साहेब बी नोयते, मंग माहा ताप पाहाले कोन होतं? मग माणिकरावांनी कारकुनाच्या हातून कागद घेतला आणि स्वतः लिहिलं: २८ जानेवारी, कर्मचारी गैरहजर, सदस्यही गैरहजर, बैठकीच्या कागदावरील सही नंतर केलेली. कारकुनाने शाई सांडायचा प्रयत्न केला, पण तोवर सही झाली होती.

माझ्यावर रागावला असलास तर रागाव, पण जेवायला येत जा.

तुझी,
ताई


रिसोड, ता. २३ एप्रिल १९७५

ती. सौ. ताईस,
सविनय जयभीम. वि. वि. काल केनवडला फेरी होती, पण तू जऊळक्याला गेली होतीस. दाजींनी पिठलं केलं होतं. त्याबद्दल भेटीत बोलू.

हुकूम आला. मला कायम करणं तीन महिने पुढे ढकललं आहे. माणिकरावांची समितीतली जागा राहते की जाते, ते पुढच्या बैठकीत ठरेल. त्यांचं कार्ड आलं, की ज्या गुन्ह्यावर आपणही सही केली, त्यासाठी पाहुणा परत पाठवता येत नाही. साखरपुडा ऑगस्टात, रविवारी ठेवू. मी चार दिवस तुझ्यावर रागावलो होतो. कालपासून नाही.

काल मी सगळ्यांत आधी गंगूबुढीकडे गेलो. ताप विचारला. नाही म्हणाली. तरी तिने बोट पुढे केलं आणि म्हणाली, की जानेवारीचं राह्यलं हाय बाबू, घेऊन टाक. तिचा हात माझ्या हातात एवढासा होता. मला नाही म्हणवेना. थेंब काचेवर घेतला आणि तारीख लिहिली, बावीस एप्रिल.

जऊळक्याहून परतलीस की कळव. माझ्या वाट्याचं रागावणं भेटीसाठी राखून ठेव.

तुझा,
इंद्रभान