तिसऱ्या पानावरची सूचना

रवि., १२ जाने.
सित्रा, आखातातला आमचा प्लांट. गरम पाण्याचा पंप उघडताना परबचा हात भाजला. आत दाब शिल्लक होता म्हणे. दत्ता परब, आमचा फिटर, मालवणकडचा. सलमानिया हॉस्पिटलला नेलंय. दुपारी सेफ्टीच्या मेननसाहेबांचा फोन: तू लिहिलेल्या त्या पंपाच्या कार्यपद्धतीची मूळ फाइल पाठव, बदल करता येतात ती. पीडीएफ त्यांच्याकडे आहेच, मग मूळ कशाला? सर्व्हर बंद आहे अशी थाप मारली.

सोम., १३
मेनन स्वतः टेबलापाशी आले, माझ्यासाठी चहा घेऊन! आठ वर्षांत पहिल्यांदा. म्हणाले, ‘वीस मिनिटं थांबून मगच झाकण उघडा’ ही सूचना पान ३ वर गेलीय, पहिल्या पानावर असती तर बरं दिसलं असतं. बरं दिसायला काय, त्या पहिल्या पानाखाली परबची सही आहेच, ‘वाचलं, समजलं’. म्हणजे सूचना तिथे आली की सगळं त्याच्या गळ्यात.
मी ती पहिल्याच पानावर लिहिली होती, पक्कं आठवतंय. हलवली कुणी? मेननच. दुसरं कोण?

बुध., १५
परबला भेटून आलो. कोपरापर्यंत पट्टी. सूचना वाचली नव्हतीस का, विचारलं.
"साहेबांनू, फोरमन सकाळी पयला पान हिंदीत वाचून दाखवता. आमी सयो करतो. मगे यल्ला, चला कामाक. फुडची पाना कोण वाचता?"
आठ वर्षं ही पानं लिहितोय. एकदाही सकाळी तिथे जाऊन उभा राहिलो नाही. वाचणारा कागद हातात धरून बसलाय असंच डोक्यात. लाज वाटली.
निघताना म्हणाला, "माजी नोकरी ऱ्हवात मां?" मी हो म्हणालो. कशाच्या जोरावर?

शुक्र., १७
सुट्टी. घरी जुन्या आवृत्त्या काढून बसलो, मेननला पकडायला. सापडलं. सूचना हलवली त्या बदलाशेजारी नाव माझं. शेरा: ‘पहिलं पान सुटसुटीत दिसावं म्हणून सावधगिरीच्या सूचना मागे.’ तेव्हा मीटिंगमध्ये कौतुक झालं होतं, तेही आठवलं.
पाच दिवस दुसऱ्यावर डूख धरून होतो. हिला काही सांगितलं नाही.

रवि., १९
उद्या चौकशी. मेनन दार लावून बोलले. "एक पान बदल, खलास. तुझंही नाव कुठे राहत नाही." तुझंही! म्हणजे यांना ठाऊक आहे. कधीपासून? चहा आणला तेव्हापासून?
आणि मी नाही म्हणालो नाही. बघतो म्हणालो.

संध्या. ५
चौकशी समितीला मेल तयार. सगळ्या जुन्या आवृत्त्या जोडल्यात, माझ्या शेऱ्यासकट. व्हिसा, पोरीची दहावी... अजून पाठवलेला नाही. दुसऱ्या खिडकीत तीच फाइल उघडी, सूचना अजून पान ३ वर.
परबचा फोन येतोय. तिसऱ्यांदा.