दोन कारखान्यांची काच

३ मार्च

प्रिय छोटी,

आशीर्वाद आहेतच. रागावले म्हणून ते परत घेता येत नाहीत, एवढंच. आम्ही इकडे बरे आहोत. तुझे भाऊजी तर फारच बरे आहेत, दुपारचे दोन तास घोरतात. तू फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र. निदान हे तरी उघड.

आधी कामाचं. भट्टीचं दार पुन्हा नीट लागत नाही. तू काय करायचीस? गुडघ्याने ढकलायचीस की खाली काही अडकवायचीस? भाऊजींना विचारलं तर म्हणाले, "ती हळूच लावायची." हे काय उत्तर झालं! काचेच्या गोट्या भट्टीत सावकाश निवल्या नाहीत तर सगळ्या मेहनतीवर पाणी, हे त्यांना तीस वर्षांत कळलेलं नाही.

तुझ्या जागी एक बाई ठेवली होती. चार दिवस टिकली. ज्योतीत काचेची कांडी धरायची ती अशी, जशी काही पालच धरलीय. अगं, काच वितळून लोंबायला लागली की फिरवत राहायचं, थांबायचं नाही, एवढंच तर आहे! ही थांबायची आणि मला विचारायची, "आता काय करू?" तोवर गोटीचा बटाटा झालेला. मी जरा बोलले तर रडत घरी गेली. हल्ली कोणाला काही बोलायची सोय राहिली नाही.

त्यात काचवाल्यांनी छळ मांडलाय. निळ्या रंगात पिवळट झाक येते, पांढरा तर जुन्या कागदासारखा दिसतो. काहीतरी भेसळ करतात मेले. मी कारखान्याला खरमरीत पत्र लिहिलं. त्यांचं उत्तर आलं की रंगांत काडीचाही बदल केलेला नाही. नाचता येईना, अंगण वाकडं! टेबलावरचा दिवाही मंद झालाय. दोनदा बल्ब बदलला, उपयोग शून्य.

प्रदर्शनातल्या त्या प्रकाराबद्दल मी काही लिहिणार नाही. झालं ते झालं. पण तूच सांग, एकेचाळीस गोट्या, आत फुलं फुललेल्या, गिऱ्हाइकाने पेटी उघडली तर निम्म्यांना मधोमध चीर आणि उरलेल्याही दुपारपर्यंत तडकल्या. जुन्या कारखान्याची काच आणि नव्या कारखान्याची काच एका गोटीत घालायची नाही, हे आपण दोघी बावीस वर्षं घोकतोय. दिसायला अगदी सारख्या, पाण्यासारख्या स्वच्छ. पण गार होताना एक जास्त आकसते, दुसरी कमी. त्या दिवशी काही कळत नाही, महिन्याभराने तडकते. म्हणून तर कांडीचं टोक पांढऱ्या कागदावर धरून बघायचं: जुनीचं निळसर, नवीचं हिरवट. किती सोपं! आणि कांड्या निवडून डब्यांत भरायचं काम तुझं. मग मी दुसऱ्या कोणाला बोलणार होते? चार लोकांत बोलायला नको होतं, तेवढं मान्य. बाकी काही मान्य नाही.

तू म्हणे आता प्रयोगशाळेच्या नळ्या वाकवतेस. काचेत फुलं करणारे हात, आणि नळ्या! कर काय करायचं ते.

तुझी ताई


१९ मार्च

चि. छोटीस,

कार्ड मिळालं. एवढं थोरलं कार्ड आणि त्यावर तीन शब्द: "ताई, डोळे दाखव." मी विचारलं काय, तू सांगतेस काय! भट्टीच्या दाराबद्दल अवाक्षर नाही.

माझे डोळे उत्तम आहेत. रोज पेपर वाचते. बारीक अक्षर भाऊजी वाचून दाखवतात, कारण त्यांना दुसरं काही काम नाही.

गेल्या महिन्यातल्या नऊ गोट्या तडकल्या. दाराचा दोष, आणखी काय. आज फार लिहीत नाही, गॅसवाला आलाय.

ताई


२ एप्रिल

छोटी,

चार दिवसांत तीन पत्रं फाडली. हे चौथं. फाडायच्या आत पेटीत टाकणार आहे.

गेल्या बुधवारी आणखी सतरा तडकल्या. मी चहा पिता पिता भाऊजींना म्हणाले, "छोटीनेच जाताना डबे मिसळून ठेवले असणार. सूड उगवला." हो, म्हणाले मी असं. लिहून टाकते, कारण तू समोर असतीस तर मला हे तोंडातून काढता आलं नसतं. त्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "पुरे." तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांचा आवाज चढलेला ऐकला. दहा कांड्या माझ्यापुढे ठेवल्या, पांढरा कागद ठेवला. "यातल्या जुन्या वेगळ्या कर." मी केल्या. ऐटीत केल्या. ते म्हणाले, "पाच चुकल्या."

मला सगळी टोकं एकाच रंगाची दिसत होती, छोटी. मी अंदाजाने उचलत होते. गेली दीड-दोन वर्षं अंदाजानेच उचलतेय. कागद पिवळा आहे, दिवा मंद आहे, काचवाले चोर आहेत, असं म्हणत.

मग त्यांनी सगळं सांगितलं. तू रोज माझ्या अर्धा तास आधी येऊन दोन्ही डबे रिकामे करायचीस, आदल्या दिवशी काम संपताना मी भलत्याच डब्यात टाकलेल्या कांड्या शोधून जागच्या जागी ठेवायचीस. दीड वर्ष! आणि भाऊजींना शपथ घातलीस की ताईला सांगायचं नाही. एरवी त्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही, आणि नेमकी हीच शपथ पाळायची होती त्यांना! मग भट्टीची वही काढली. त्या एकेचाळीस गोट्या कोणत्या आठवड्यातल्या? तू सासूबाई पडल्या म्हणून गावाला गेली होतीस, त्या आठवड्यातल्या. नोंद माझ्याच अक्षरात. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, त्या मी भर प्रदर्शनात मारल्या.

आता मला एक सांग. तू का मिठाची गुळणी धरून बसलीस? मी लोकांसमोर म्हणाले, "हिच्या हाताला काच कळतच नाही." बावीस वर्षं समोरासमोर बसून काम केलेल्या बहिणीला म्हणाले. तू नुसता प्रात्यक्षिकाचा बर्नर बंद केलास, गॅसची नळी गुंडाळलीस आणि निघालीस. "ताई, त्या आठवड्यात मी नव्हते", एवढं एक वाक्य टाकलं असतंस तर माझं तोंड तिथल्या तिथे बंद झालं असतं. पण मग लोकांना कळलं असतं की ताईला दिसत नाही. म्हणून स्वतःचं नाव घालवलंस. कोणी सांगितला होता हा शहाणपणा? मी मागितला होता? मला इतका राग आलाय तुझा की दोन दिवस जेवण गेलं नाही. राग तुझाच आहे का, ते मला विचारू नकोस.

डॉक्टरांकडे जाऊन आले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चांगला पिकलेला. ज्योतीपुढे काम करताना काळा चष्मा लावता का, म्हणाले. मी हो म्हटलं. भाऊजी मोठ्याने खोकले. अकरा तारखेला पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. हात पूर्वीसारखा चालेल का, विचारलं, तर डॉक्टर म्हणाले, बघू. मला या "बघू"ची फार भीती वाटते. भाऊजींना सांगितलेलं नाही, तुला सांगतेय.

रविवारी कारागिरांच्या बैठकीला गेले होते. प्रदर्शनात होते तेच सगळे. उभी राहिले आणि सांगितलं की गोट्या माझ्या हातून बिघडल्या, मला रंग दिसत नाहीत, आणि माझी धाकटी बहीण दीड वर्ष माझ्या चुका निस्तरत होती. चार लोकांत बोलले होते, चार लोकांतच मागे घेतलं. ती मणी करणारी बाई म्हणाली, "मग ती आहे कुठे?" खाली बसले.

परत ये असं मी लिहिणार नाही. तो हक्क मी घालवला. पट्टी निघाली की मीच येईन, तुझ्या त्या नळ्यांच्या कारखान्यात, आणि तुझ्या साहेबांसमोर, सोबतच्या बायकांसमोर हेच पुन्हा सांगेन. मग तू मला काय वाटेल ते बोल. ओरड, चार शिव्या दे, हाकलून दे. पण माझी दया येऊन पुन्हा गप्प बसलीस तर ते मात्र मला सोसणार नाही. माझं चुकलं, छोटी.

जिच्यासाठी तू दीड वर्ष अर्धा तास आधी येत राहिलीस, ती,
ताई