दोनशे बारा परके आणि एक बायको

ती. स्व. दादा,

साष्टांग नमस्कार. (पाठीत उसण भरल्यामुळे आठांपैकी सहाच अंगं वाकताहेत, तेवढी गोड मानून घ्यावीत.) वहिनींचा गुडघा काय म्हणतोय? इकडे मी मजेत आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. तुमची बहीण तुमच्याकडे येऊन आज बारा दिवस झाले. ती माझा फोन उचलत नाही, आणि का आली हे तिने तुम्हालाही सांगितलं नसणार. तेव्हा मीच सांगतो. तिला चार शब्द सांगून घरी पाठवा, एवढ्यासाठीच हा पत्रप्रपंच.

माझा धंदा लिफ्टदुरुस्तीचा, हे तुम्ही जाणताच. प्रत्येक लिफ्टच्या मशीनखोलीत आमची एक वही टांगलेली असते. तिच्यात तीन रकाने: तक्रार, कारण, उपाय. सव्वीस वर्षं ते भरून भरून माझं डोकंही तीन रकान्यांचंच झालंय. गेल्या वर्षी लेकीने मला ब्लॉग काढून दिला (बाबा, जेवताना जे एकटेच पुटपुटता ते इथे लिहा, म्हणाली), तेव्हा तोही मी तसाच लिहायला घेतला. तक्रार: चौथ्या मजल्यावरचे आजोबा लिफ्टमध्ये शिरतात, पण बटण दाबत नाहीत. कारण: कोणीतरी येईल, बोलेल, ही आशा. उपाय: पाच मिनिटं मीच आत उभा राहतो. लोकांना आवडायला लागलं की हो! बघता बघता दोनशे बारा वाचक झाले. कोण कुठली माणसं, पण सकाळी उठून माझ्या ग्रीसच्या डब्याची चौकशी करायची. ह्यांना दुसरे उद्योग नाहीत का, असं आधी वाटायचं. मग लक्षात आलं, की घरच्या माणसाचं ऐकलं तर लगेच काहीतरी करावं लागतं. परक्याचं वाचायचं, हळहळायचं आणि आपल्या कामाला लागायचं. लिहिणाऱ्याचीही तीच सोय. घरी मी मन मोकळं करायला बसलो की (ते राहू द्या, आधी तो बल्ब बदला) संपलं.

तर ह्या भरात एक दिवस मी लिहून गेलो, की अकरा वर्षांपूर्वी सातव्या मजल्याच्या उंचीवर मी कमरेच्या पट्ट्याला अर्धा तास लोंबकळत होतो, आणि तेव्हापासून रोज कामावर माझी पाचावर धारण बसते. हे मी तुमच्या बहिणीला कधी सांगितलं नव्हतं. तिच्या जिवाला घोर नको, एवढाच हेतू. सत्तर जणांनी काळजी घ्या म्हणून लिहिलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

त्या सत्तरांत एक दाताची डॉक्टरीण निघाली (ब्लॉगवर माझं पूर्ण नाव आहे, त्यामुळे आडनावावरून तिने ओळखलं). तुमची बहीण तिच्याच खुर्चीत दाढ काढायला बसली होती. तोंडाचा आ केलेला, गालात इंजेक्शन, आणि वरून डॉक्टरीणबाई कौतुकाने सांगताहेत, की तुमचे मिस्टर इतके घाबरतात तरी रोज वर चढतात, धन्य आहे हो त्यांची! बिचारीला 'काय?' एवढंसुद्धा विचारता आलं नाही. घरी आली ती मुकाट. मी म्हटलं, इंजेक्शनचा असर. दुसऱ्या दिवशीही मुकाट. तेव्हा मी (माझी अक्कल बघा) ब्लॉगवर नोंद केली: तक्रार: बायको बोलत नाही. कारण: दाढ. उपाय: दोन दिवस वाट पाहणे. आता ती ब्लॉग वाचायला लागलीय, हे मला काय ठाऊक? तिने तासाभरात बॅग भरली. दारात एवढंच म्हणाली, "दोनशे बारा जणांना सांगितलंत, आता त्यांनाच भाजी आणायला सांगा."

दादा, तिचं बरोबर आहे. अकरा वर्षं ती रोज मला डबा देऊन दारापर्यंत येत होती, आणि मी तिला काय सांगायचो, तर आज उशीर होईल. चुकलो मी. घर खायला उठलंय. तिला पाठवा.

आपला,
तूर्त एकटा पडलेला मेव्हणा

ता. क. लेकीकडून कळलं, की तुमच्या कॉम्प्युटरवर बसून तुमच्या बहिणीनेही ब्लॉग सुरू केलाय. तुम्हाला ती पाककृती शोधतेय असं वाटत असेल. मी चारही लेख वाचले. लग्नापासून आजवर ती आमच्या इमारतीत जिन्यानेच जाते, ते डॉक्टरांनी व्यायाम सांगितला म्हणून नव्हे. तिला लिफ्टची भीती वाटते. लिफ्टवाल्याच्या बायकोने असं बोलावं कसं, म्हणून गप्प बसली म्हणे. मी आधी पोट धरधरून हसलो. मग बराच वेळ हसू आलं नाही.

ता. क. २. तेव्हा वर लिहिलंय ते रद्द समजावं. तिला एवढ्यात पाठवू नका. लेख आत्ता कुठे लग्नाच्या तिसऱ्या वर्षापर्यंत आलाय, आणि इथे आली की ती लिहायची थांबेल. बल्ब मी बदललाय, पण हे तिला सांगू नका.

ता. क. ३. काल दुपारी न राहवून मी तिच्या लेखाखाली 'एक वाचक' एवढंच नाव घालून विचारलं, की पुढे काय झालं? पाच मिनिटांत उत्तर आलं: "सांगते. दोन वाजून गेलेत, आधी जेवून घ्या." दादा, अनोळखी माणसाला कोणी असं सांगतं का हो? मी निमूट उठलो आणि जेवलो.