ड्रॉइंगच्या तासाची वांगी

मास्तर, तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली हे मला नक्की सांगता येत नाही, आणि त्याचीच आधी लाज वाटते. मी आता तुमच्यासारखाच ड्रॉइंग मास्तर आहे, इथेच वाशिमात. शाळा सुटली आहे, पोरं गेली आहेत, आणि मी रिकाम्या वर्गात बसून तुम्हाला लिहितो आहे.

तुम्हाला चित्रासाठी वस्तू लागत. तांब्या शाळेचा होता, भाजी मात्र माझ्याकडून यायची, कारण आमचा मळा गावाला लागून. मंगळवारी आणि शुक्रवारी मी फडक्यात वांगी बांधून आणायचो. तास संपला की तुम्ही ती स्वतः मोजून माझ्या फडक्यात परत बांधायचात. चित्र काढलं म्हणून अन्न टाकायचं नसतं, घरी ने, असं दर वेळी बजवायचात. पहिल्या दिवशी मी वांगं सरसकट जांभळं रंगवलं, तेव्हा तुम्ही माझा कागद उलटा ठेवलात. "हे तुह्या डोक्यातलं वांगं होय," म्हणालात. "टेबलावरचं काहून नाही पाह्यत? आधी सावली काढ. वांगं आपसूक येते." मी आधी सावली काढायला शिकलो. अजूनही तशीच काढतो.

मग तो दिवस. साऱ्या वर्गाने वांग्याचा देठ गुळगुळीत काढलेला, एकट्या माझ्या देठावर काटे. तुम्ही माझा कागद उंच धरलात. तुमचा चेहरा इतका खूश आहे की मला क्षणभर वाटतं, आता आपण कुणीतरी झालो. आणि तुम्ही म्हणता, "पाहा. याले काटे दिसले, कारण यानं वांगे तोडले आहेत." पुढच्या बाकावर जमीनदारांची पोरं बसायची. ती हसली. त्या दिवसापासून माझं नाव 'वांगं' पडलं, आणि माझी सगळी अक्कल त्या नावाने खाऊन टाकली. तुम्ही माझा मान केला होता, मला मात्र तो अपमान वाटला.

तेव्हापासून फडकं घेऊन बाजारातून घरी जायचं माझ्या जिवावर येऊ लागलं. शाळेत आणताना मी आडवाटेने यायचो. जाताना पोरं सोबत असायची, म्हणून मी ओढ्यापाशी मागे रेंगाळायचो आणि वांगी बाभळीत भिरकावून द्यायचो. चांगली, काळीशार वांगी. बापाने विचारलं, वांगी कुठं आहेत? मी सांगितलं, मास्तर ठेवून घेतात. मला वाटलं होतं तो चिडेल. तो हरखला. "गुरुजीच्या चुलीवर आपलं वांगं शिजून राह्यलं," असं तो आईला सांगायचा, आणि तुमच्यासाठी म्हणून मुद्दाम कोवळी, बिनकिडीची वांगी धोतराच्या सोग्याने पुसून वेगळी ठेवायचा. तीही मी बाभळीतच टाकली.

हे त्याने बाजारात हेडमास्तरांना सांगितलं. तक्रार म्हणून नाही हो, मोठ्या अभिमानाने सांगितलं. हेडमास्तरांना तुमचा तास आधीपासूनच फुकटचा वाटायचा. त्यांनी आपल्या दोघांना खोलीत बोलावलं आणि पोरांकडून भाजी उकळता का, असं तुम्हाला माझ्यासमोर विचारलं. तुम्ही शांतपणे म्हणालात, एकही वांगं मी घरी नेलेलं नाही, या पोराला विचारा. आणि माझ्याकडे पाहिलंत. तुमच्या नजरेत भीती नव्हती. मी खरं तेच बोलणार याची तुम्हाला खात्री होती.

"बोल रे," हेडमास्तर म्हणाले.

खरं सांगितलं तर बापाला कळणार होतं की मला त्याच्या मळ्याची लाज वाटते. मी टेबलाच्या पायाकडे बघत म्हणालो, "नेतात."

दिवाळीआधी तुमची शाळेतली नोकरी गेली. रिठदला लहान पोरांना पाटीवर अक्षरं गिरवायला शिकवता, असं कानावर आलं. पुढे तिथेच तापाने गेलात, असंही आलं. रिठद काही परमुलूख नव्हे. बैलगाडीने एका दिवसात पोचलो असतो. मी गेलो नाही. बापालाही शेवटपर्यंत सांगितलं नाही. तो तुमची आठवण निघाली की म्हणायचा, मास्तर चांगला होता, पण भाजीच्या लोभापायी गेला.

हे पत्र कुठे पाठवणार? दप्तराच्या कागदांत राहील. पण एक गोष्ट अजून राहिली आहे, आणि ती सांगायला पहिल्या गोष्टीपेक्षा जड जाते. दरवर्षी नव्या वर्गाला मी तुमची गोष्ट सांगतो. काटे, सावली, हेडमास्तरांची खोली, सगळं. पोरं अगदी चूप बसून ऐकतात. फक्त माझ्या गोष्टीतला मुलगा मान वर करतो आणि म्हणतो, "मास्तर नेत नाहीत, मीच टाकतो." आजही तसंच सांगितलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या, आणि मी त्या घेतल्या.